कडेबाहेर आलेली ओळ

मर्लिनच्या पत्राला केनीने उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा गिरीज गावातल्या त्याच्या वाडीत केळीची पानं पावसाने फाटून लोंबत होती. आता घरोघरी नाताळचे कंदील बांधायला काड्या शोधणं सुरू झालं होतं, आणि पत्र अजून त्याच्या कीबोर्डखालीच होतं. उत्तर लिहायला त्याने कागद घेतला नाही असं नाही. घेतला. "प्रिय मर्लिन" लिहिलं. प्रिय जरा जास्त वाटलं म्हणून खोडलं. "सप्रेम नमस्कार" लिहिलं, ते तर आणखीच जास्त झालं. मग "कु. मर्लिन यांस" असं लिहिलं आणि ते वाचून स्वतःवरच इतका वैतागला की कागदाचा बोळा करून वाडीत फेकला.

बरं, पत्र काही प्रेमपत्र नव्हतं. तक्रारीचं होतं. केनीने लिहून दिलेल्या प्रोग्रॅममुळे मर्लिनच्या डोक्याला किती ताप झाला, ते त्यात सविस्तर लिहिलं होतं. फक्त शेवटी एक प्रश्न होता. तो नसता तर त्याने उलटटपाली उत्तर धाडलं असतं.

हे सगळं सुरू झालं आजीच्या कार्डापासून. नव्व्याण्णव साल होतं. केनीची आजी वारली, आणि महिन्याच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, कार्डं छापून आणायचं काम त्याच्याकडे आलं, कारण मुंबईची नोकरी सोडून घरी बसून प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा हा आईच्या मते रिकामाच होता. पापडीला चर्चजवळ कॉन्रॅड अंकलचा छापखाना होता. केनी तिथे पोचला तेव्हा छत्रीतून पाणी ठिबकत होतं. ती आत न्यावी की बाहेर ठेवावी हे न कळून तो उंबऱ्यातच उभा राहिला.

आत एक मुलगी संगणकाशी भांडत होती.

"आत्ता इथे होतीस ना? कुठे तडमडलीस?"

"कोण?" केनीने विचारलं.

"लग्नपत्रिका," ती मागे न बघता म्हणाली. "मयताच्या कार्डाखाली गेली. मयताचं कार्ड पतपेढीच्या अहवालाखाली. आणि सगळ्यांच्या बोडक्यावर हे चर्चचं बुलेटिन. एक बघावं तर तीन गायब. तुम्हाला काय छापायचंय?"

"मयताचं," केनी म्हणाला. "म्हणजे... महिन्याचं. आजीचं."

तेव्हा ती वळली. ओशाळली. उठून तिने त्याच्या हातातली ओली छत्री घेतली, खिळ्याला अडकवली आणि खुर्ची पुढे सरकवली. मॉनिटरवर सोनचाफ्याचं फूल ठेवलेलं होतं. यंत्राच्या उबेने त्याचा वास शाईच्या आणि रॉकेलच्या वासातूनही वर येत होता. केनीला आजीबद्दल काय सांगायचं होतं ते तो साफ विसरला.

"तुम्हाला... चारही कामं एकदम..."

"एकदम काय?"

"दिसली तर."

आतून कॉन्रॅड अंकल ओरडले, "दिसतील कशी? ही मला दुसरा संगणक मागते. मी म्हणतो, बाय, डोळे तर तुला दोनच आहेत."

केनीने दुसरा संगणक आणला नाही. त्याने प्रोग्रॅम लिहिला. आपण ज्यावर काम करतो तो पडदा म्हणजे एक टेबल असं धरलं, तर मर्लिनला आता चार टेबलं मिळाली. एका टेबलावर लग्नपत्रिका, दुसऱ्यावर मयताची कार्डं, तिसऱ्यावर बुलेटिन, चौथं पतपेढीच्या अहवालासारख्या किरकोळ कामांना. एक बटण दाबलं की पडद्याचे चार भाग होऊन चारही टेबलं छोटी छोटी शेजारी दिसायची. पुन्हा दाबलं की हवं ते एकच मोठं व्हायचं.

पहिल्या दिवशी मर्लिनने त्याला सोनचाफ्याचं फूल दिलं. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"केनी, तुझा गणपती माझ्या पतपेढीत शिरलाय."

तो लूनावरून धावत आला. खरंच शिरला होता. लग्नपत्रिका पडद्यावर ज्या चौकोनात उघडायची ती खिडकी मर्लिनने जरा उजवीकडे, अर्धी टेबलाबाहेर सरकवली होती. अशी सरकवलेली खिडकी कडेपाशी तुटून दिसायला हवी, बाहेरचा भाग झाकला जायला हवा. पण एकच टेबल मोठं असताना पडदा संपत होता म्हणून सगळं ठीक दिसायचं, आणि चार टेबलं शेजारी मांडली की पत्रिकेचा बाहेर राहिलेला भाग सरळ शेजारच्या टेबलावर उमटायचा. म्हणून पत्रिकेवरचा गणपती पतपेढीच्या नफ्यावर मांडी घालून बसला होता.

"तुम्ही खिडकी सरकवली का?" केनीने विचारलं.

"खिडकी सरकवायची नाही तर काय ओवाळायची?"

"नाही, म्हणजे... तुम्ही ती..."

"आणि हे अहो-जाहो कुणाला? मी काय तुझी शाळेतली टीचर आहे?"

"नाही, पण..."

"पण काय?"

"काही नाही."

"बघ," मर्लिन म्हणाली. "तुझी वाक्यं पण तसलीच. अर्धी या टेबलावर. बाकीची अर्धी कुठे जातात देव जाणे."

ती हे हसून म्हणाली होती. पण केनी घरी जाऊन रात्रभर त्याच वाक्यापाशी अडला, प्रोग्रॅमपाशी नाही.

मग त्याने उपाय केला, आणि तो उपाय दुखण्यापेक्षा वाईट निघाला. कडेबाहेर जाणारी खिडकी दिसली की प्रोग्रॅम तिला आत ओढायचा. मावत नसेल तर आक्रसून लहान करायचा. दुसऱ्या दिवशी मर्लिनने आदल्या संध्याकाळी नीट लावून ठेवलेला पसारा एका कोपऱ्यात कोंबलेला होता.

"माझ्या वस्तू कोणी हलवल्या?"

"मी," केनी फोनवर म्हणाला. "म्हणजे प्रोग्रॅमने. बाहेर जात होत्या म्हणून..."

"जाऊ देत की बाहेर. मी ठेवल्या होत्या. माझी आईसुद्धा माझी कपाटं आवरत नाही, आणि तू दूर गिरीजला बसून आवरतोस."

तो उपाय काढून टाकला, दुसरा घातला, तोही काढला. त्या पावसाळ्यात केनी छापखान्यात इतक्या वेळा गेला की कॉन्रॅड अंकल त्याला चहा विचारेनासे झाले. सरळ कपच पुढे ठेवायचे. मर्लिन वैतागलेली असायची. केनी घाबरलेला असायचा. तरी तो आला नाही की ती फोन करायची, आणि तिचा फोन आला नाही की याला आपल्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी बिघडलं नसेल ना अशी काळजी लागायची. काही बिघडलं नसेल, ही काळजी त्याहून मोठी होती.

अशाच एका दुपारी मर्लिन कोपऱ्यावरून भजी आणायला गेली. केनी तिच्या खुर्चीत बसला. चाचणीसाठी त्याला एक लांबलचक ओळ हवी होती, कडेबाहेर नक्की जाईल अशी. समोर मर्लिनच्या हस्ताक्षरात बुलेटिनचा मजकूर पडला होता. त्यांच्या चर्चमध्ये लग्न ठरलं की वधूवरांची नावं ओळीने तीन रविवार मिस्सेत वाचून दाखवतात आणि कुणाची हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवा म्हणून सांगतात. त्या घोषणा बुलेटिनमध्ये छापून यायच्या. केनीने चौथ्या टेबलावर एक कोरी खिडकी उघडली. बोटं आपोआप चालली—

"गिरीज येथील केनी व वटार येथील मर्लिन यांचा विवाह योजला आहे."

लिहून झालं आणि तो वाचतच राहिला. छापील अक्षरात ते इतकं खरं दिसत होतं...

"भजी गरम आहेत, लगेच खा," मर्लिनचा आवाज दारातून आला.

खोडायला वेळ नव्हता. त्याने खिडकी धरली आणि सरळ टेबलाच्या कडेबाहेर लोटून दिली. एकच टेबल मोठं होतं. खिडकी दिसेनाशी झाली. केनीने सुटकेचा श्वास टाकला, दोन भजी खाल्ली आणि घरी गेला. कडेबाहेर टाकलेली वस्तू शेजारच्या टेबलावर उमटते, हे जगात ज्या एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, तोच ते विसरला.

शनिवारी बुलेटिन छापायची घाई होती. मर्लिनने चारही टेबलं एकत्र लावली, आणि बुलेटिनवर, बरोबर लग्नाच्या घोषणांवर, ती ओळ दिसली. स्वतःचं नाव वाचून ती आधी गार झाली. मग तापली. ओळीवर क्लिक केलं, खोडायचं बटण दाबलं. ओळ जाईना. पुन्हा दाबलं. जाईना. कॉन्रॅड अंकल मागून "झालं का, झालं का" करत होते. ती दाबतच राहिली.

ओळ जाणार कशी? ती शेजारच्या टेबलावरून नुसती उमटलेली होती. बटणाने खोडला जात होता तो तिच्याखालचा, दिसत नसलेला मजकूर. शेवटी मर्लिनने बुलेटिनचं टेबल मोठं करून पाहिलं. त्यावर केनीचं नाव नव्हतं. "हुश्श" म्हणून तिने ते छपाईला सोडलं. तिथे आणखी दोन नावं नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही. नसलेलं काही डोळ्यांना खटकत नाही.

रविवारी मिस्सेत फादरनी बुलेटिनमधून घोषणा वाचल्या. हिलरी आणि फ्लॉसीचं लग्न तोंडावर आलं होतं, ती त्यांची शेवटची घोषणा. ती वाचली गेलीच नाही. फ्लॉसीची आई, कार्मिन मावशी, मिस्सा संपल्याबरोबर मर्लिनपाशी येऊन उभी राहिली.

"माझ्या पोरीचं नाव कुठे गेलं गं? कुणी हरकत घेतली?"

"नाही मावशी, चुकून..."

"चुकून कसं? हॉल घेतला, बँड सांगितला, जेवणाला डुक्कर ठरवलं. आणि नाव चुकून?"

फादर समंजस होते. संध्याकाळच्या मिस्सेत घोषणा झाली, लग्न ठरल्या दिवशी लागलं. पण मधल्या काही तासांत फ्लॉसीच्या लग्नाला कुणीतरी हरकत घेतली ही बातमी पार वटारपर्यंत पोचली होती, आणि मर्लिनला कॉन्रॅड अंकलपासून मावशीपर्यंत सगळ्यांची बोलणी खावी लागली. ती खाताना तिने त्या ओळीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सोमवारी तिने केनीला पत्र लिहिलं.

"फोनवर विचारलं तर तू 'बघतो' म्हणून फोन ठेवशील. समोर विचारलं तर छत्री शोधशील. म्हणून टपालाने लिहितेय. उत्तरही टपालानेच दे." पुढे कार्मिन मावशीचं सगळं प्रकरण होतं, आणि त्याखाली— "खिडक्या आत ओढू नकोस. लहान करू नकोस. मी जिथे ठेवते तिथेच राहू देत. कडेपर्यंत जेवढी दिसते तेवढीच दाखव. उरलेली आहे, हे मला माहीत असतं. शेवटचं एक. कडेबाहेरची ती ओळ चाचणीसाठी होती का? हो किंवा नाही, एवढंच लिही."

एक शब्द लिहायचा होता. "हो" लिहावं तर खोटं. "नाही" लिहावं तर मग पुढे सगळंच लिहावं लागणार. तिच्या घरच्यांना काय वाटेल, तिलाच हसू आलं तर, आपल्याला अजून धड कमाई नाही, आपल्याला एक खिडकी नीट झाकता येत नाही... केनीने ठरवलं, आधी चूक दुरुस्त करू, मग उत्तर देऊ. चूक दुरुस्त होईना. तो छापखान्यात जाईनासा झाला. काही दिवस मर्लिनचे फोन आले, मग तेही थांबले.

आणि आता, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कॉन्रॅड अंकल वाडीवर केळी न्यायला आले.

"काय रे, तुझा पत्ता नाही," ते म्हणाले. "मर्लिनचं ठरतंय, कळलं का?"

केनीच्या हातात केळ्यांचा लोंगर होता. तो त्याने खाली ठेवला.

"वटारचाच मुलगा. लुईस. बोटीवर असतो. नाताळाला आलाय. घरचे रविवारी येणार होकार घ्यायला. ती हो म्हणाली तर पुढच्या बुलेटिनमध्ये तिचं नाव तिलाच टाईप करायचंय." अंकलनी केळी हुंगली. "आणि तुझा तो प्रोग्रॅम. शिव्या घालते रोज. मी म्हटलं काढून टाकू, तर काढू देत नाही. मला तुम्हा पोरांचं कळत नाही बाबा."

ते गेल्यावर केनीने कीबोर्डखालून पत्र काढलं. इतके महिने त्याची नजर शेवटच्या प्रश्नावर जाऊन तिथूनच पळ काढत होती. आज त्याने चिडून, स्वतःच्या मानगुटीवर बसून, पहिल्या शब्दापासून वाचलं. "कडेपर्यंत जेवढी दिसते तेवढीच दाखव."

तो इतके दिवस खिडक्यांशी झटत होता. ही कापू, ती ढकलू, तिसरी दाबू. खिडक्यांना हात लावायचं कारणच नव्हतं. चौकट टेबलाला हवी होती. प्रत्येक टेबलाला आपली चौकट द्यायची. खिडकीने आपली पुरी, ऐसपैस उमटावी. चौकटीबाहेरचं चौकट झाकेल. आणि बाहेरच्या भागावर क्लिक केलं तर ते कुठेच पोचणार नाही. एवढंसं काम. दुपारच्या जेवणाची वेळ टळायच्या आत ते झालं. आईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट आणून आदळलं.

"जेवायचंय की यंत्रच खाणार?"

"आई, पाकीट आहे का गं? टपालाचं?"

आईने त्याच्याकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, आणि पाकीट आणून दिलं.

या खेपेला त्याने खोडलं नाही. "मर्लिन, तुझ्या सगळ्या तक्रारी बरोबर होत्या. ती ओळ चाचणीसाठी नव्हती. चाचणीसाठी कुठलीही ओळ चालली असती. मला तीच सुचली, कारण पहिल्या दिवशी तू माझी छत्री खिळ्याला अडकवलीस तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मी ती लपवायला बाहेर लोटली, याची मला लाज वाटते. लिहिली याची नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला तू म्हटलं होतं, आणि ते कागदावर.

शनिवारी दुपारी तो फ्लॉपी घेऊन पापडीला गेला. मर्लिनने मान वर केली नाही.

"आलास?"

"दुरुस्त झालं."

"मागेही झालं होतं."

त्याने प्रोग्रॅम घातला. मर्लिनने चारही टेबलं लावली, लग्नपत्रिका पकडली आणि सूड उगवल्यासारखी उजवीकडे ढकलली. पत्रिका कडेपाशी तुटली. गणपतीची अर्धी सोंड दिसत राहिली, शेजारचं टेबल स्वच्छ. तिने पत्रिका परत आत ओढली. अख्खा गणपती आला, जसाच्या तसा. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तिचा चेहरा सैल होत गेला, आणि मग आठवण झाल्यासारखा पुन्हा ताठ झाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण माझी आणखी एक तक्रार होती. ऑगस्टपासून."

"ती... टपालाने."

"येणार आहे की लिहिणार आहेस?"

केनीने खिशातून पाकीट काढलं. तिकीट लावलेलं, पत्ता घातलेलं. मर्लिनने हात पुढे केला.

"नाही," तो म्हणाला. "टपालानेच मागितलं होतंस."

'होतंस' ऐकून तिने पटकन वर पाहिलं. पण केनी तोवर बाहेर पडला होता. नाक्यावरच्या लाल पेटीपर्यंत तो पोचला तेव्हा चपलांचा फटफट आवाज मागून येत होता.

"केनी, अक्कल आहे का तुला?" मर्लिन धापा टाकत होती. "उद्या रविवार. शांताराम पोस्टमन सोमवारी येणार. लुईसची माणसं उद्या सकाळी माझ्या दारात. घरचे म्हणतील, बोल. मी काय बोलू? थांबा, माझं टपाल यायचंय?"

पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलेलं होतं. अर्धं बाहेर. नाक्यावर रिक्षावाले बघत होते. कार्मिन मावशी भाजी घेता घेता थबकली होती.

"सांग की..." केनी म्हणाला.

मर्लिन थांबली. या खेपेला तिने 'की काय?' विचारलं नाही, टोमणाही मारला नाही.

"सांग की माझं ठरलंय," केनी म्हणाला. "गिरीजला. केनीशी. त्याला अजून फारसं काही जमत नाही, पण तो उद्या मिस्सेनंतर आईला घेऊन येतोय. तुला चालत असेल तर."

मर्लिनने ओठ घट्ट मिटले. हसू तरीही कडेबाहेर आलंच.

"शेवटचं वाक्य कापलं असतंस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

पलीकडून कार्मिन मावशीने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही मावशी," मर्लिन म्हणाली. "पुढच्या बुलेटिनसाठी एक घोषणा आहे. तुमची हरकत असेल तर फादरना कळवा."

आणि पाकिटाचं बाहेर राहिलेलं टोक तिनेच बोटाने आत ढकललं.